नाशिक ते सिंगापूर: अंतर किती, विमानाचे तास किती आणि घरातून निघायचं कधी

"सिंगापूरला पोचायला किती तास लागतात हो?" मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच निघालेले आई-वडील हा प्रश्न हमखास विचारतात. इंटरनेट सांगतं, साडेपाच तास. ते खोटं नाही, पण ते मुंबईच्या विमानतळापासून सिंगापूरच्या चांगी विमानतळापर्यंतचं उत्तर आहे. सिडकोतून, गंगापूर रोडवरून किंवा नाशिकरोडहून निघालेल्या माणसाचे दारापासून दारापर्यंत पंधरा-सोळा तास जातात. आणि हे तास आधी माहीत नसले की घोटीच्या पुढे गाडी अडकते, पोटात गोळा येतो आणि मौजेचा प्रवास पहिल्या दिवशीच बिघडतो.

म्हणून हा हिशोब पहिल्यापासून मांडतो. उदाहरण सिंगापूरचं घेतलंय, पण बँकॉक, दुबई, टोकियो असं कुठलंही शहर घेतलं तरी पद्धत हीच.

आधी अंतर समजून घ्या

मुंबई ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. वेगवेगळ्या ठिकाणी आकडा थोडा वेगळा दिसेल, त्यात गोंधळून जाऊ नका. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. कुणी नॉटिकल मैलात देतं, तिथे २,१०० च्या आसपास आकडा दिसतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणून पाहिलं की तेच अंतर निघतं.

हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या सगळ्यात जवळच्या वाटेचं असतं. नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, त्यामुळे लांबच्या प्रवासात ही वाट नकाशावर वाकलेली दिसते. टोकियोचं विमान उगाच उत्तरेला वळसा घालतंय असं वाटतं, पण ती वाट खरोखर जवळची असते. सिंगापूरच्या बाबतीत हा वाक फारसा जाणवत नाही. विमान मुंबईहून आग्नेयेला निघतं, दख्खन ओलांडतं, बंगालच्या उपसागरावरून साधारण निकोबारच्या बाजूने मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे उतरतं. खिडकीची जागा मिळाली आणि दिवसाचं विमान असेल तर शेवटच्या तासात खाली जहाजांची रांग बघायला मिळते.

इथे नाशिककरांसाठी एक गंमत आहे. ओझरच्या विमानतळापासून सिंगापूरचं सरळ अंतर काढलं तर ते सुमारे ३,८८० किलोमीटर भरतं. म्हणजे मुंबईपेक्षा नाशिक सिंगापूरला किंचित जवळ! पण ओझरहून तिकडे विमान सुटत नाही, म्हणून आपण आधी दीडशेच्या वर किलोमीटर पश्चिमेला जातो आणि मग पूर्वेला उडतो. प्रवासाचे तास ठरवताना नुसतं अंतर बघून चालत नाही, ते यामुळेच.

अंतरावरून तास कसे काढायचे

मोठं प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी साधारण ८५० ते ९०० किलोमीटरने जातं. पण सुटल्यापासून उतरेपर्यंत तो वेग नसतो. गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, शेवटी वेग कमी करत उतरणं, पुन्हा गेटपर्यंत जाणं, यात वेळ जातो. म्हणून घरच्या घरी करायचा हिशोब असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि आलेल्या उत्तरात ४० मिनिटं मिळवा.

मुंबई-सिंगापूर: ३,९०० भागिले ८५० म्हणजे साधारण ४ तास ३५ मिनिटं, अधिक ४० मिनिटं. झाले सव्वापाच तास. प्रत्यक्षात तिकिटावर सव्वापाच ते पावणेसहा तासांच्या मधला आकडा दिसतो. मुंबई-बँकॉक सुमारे ३,००० किलोमीटर, म्हणून सव्वाचार तासांच्या आसपास. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणून तीन तासांच्या आगेमागे. उत्तर मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण कुणी "सिंगापूर फक्त तीन तासांवर आहे" असं सांगितलं तर ते चूक आहे हे तुम्हाला लगेच कळेल.

या हिशोबाला सगळ्यात जास्त धक्का देतो तो वारा. भारताच्या उत्तर भागापासून जपानपर्यंत, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वाऱ्याचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात तो अधिक जोरात असतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो, परतताना समोरून अडवतो. दिल्ली-टोकियो हे सुमारे ५,८५० किलोमीटरचं अंतर जाताना साडेसात-आठ तासांत होतं, तर येताना साडेनऊच्या आसपास लागतात. अंतर तेच आणि विमानही त्याच जातीचं, तरी दीड-दोन तासांचा फरक पडतो. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिकडच्या वाटेवर हा परिणाम बराच कमी. जाताना-येताना थोड्याच मिनिटांचा फरक दिसतो, तो मनावर घेऊ नका.

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर मोठे ढग असतात, विमान त्यांना वळसा घालतं आणि हादरेही बसतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला भीती वाटते, ते साहजिक आहे. पट्टा बांधून बसा. वैमानिकासाठी ही रोजची गोष्ट आहे.

तिकिटावरची वेळ वाचायला शिका

माझ्या मते अख्ख्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, म्हणून इथे सावकाश वाचा.

तिकिटावर सुटायची वेळ ही सुटणाऱ्या शहराच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचणाऱ्या शहराच्या घड्याळाची. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे साडेअकरा झालेले असतात.

समजा, विमान मुंबईहून २३:३० ला सुटतं आणि सिंगापूरला दुसऱ्या दिवशी ०७:३५ ला उतरतं. नुसती वजाबाकी केली तर आठ तास पाच मिनिटं येतात आणि माणूस म्हणतो, अरे, साडेपाच तास सांगितले होते ना! पण ०७:३५ मधून अडीच तास वजा करा. भारतात तेव्हा ०५:०५ वाजलेले असतील. आता मोजा: २३:३० ते ०५:०५, म्हणजे ५ तास ३५ मिनिटं.

परतीचं तिकीट याच्या उलट फसवतं. सिंगापूरहून १९:०० ला सुटलं, मुंबईला २२:१० ला पोचलं. वरवर पाहता तीन तास दहा मिनिटं. पण सिंगापूरचे १९:०० म्हणजे आपले १६:३०. तिथपासून २२:१० पर्यंत ५ तास ४० मिनिटं होतात.

बाकीच्या शहरांसाठी हे फरक वहीत लिहून ठेवा: बँकॉक आपल्यापुढे दीड तास, क्वालालंपूर आणि हाँगकाँग अडीच तास, टोकियो आणि सोल साडेतीन तास. दुबई मात्र दीड तास मागे. भारताचं घड्याळ अर्ध्या तासावर असल्याने हे सगळे अर्धे तास येतात. या सगळ्या ठिकाणी उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे घड्याळ मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे वर्षभर हेच आकडे लागू.

आता तारीख. आंतरराष्ट्रीय विमानं बरीचशी मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००:४०" असं लिहिलं असेल तर तुम्ही विमानतळावर १४ तारखेला रात्री साडेनऊ-पावणेदहाला असायला हवं. १५ तारखेला संध्याकाळी सामान बांधायला घेतलं तर विमान केव्हाच गेलेलं असतं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं असंच झालं. बॅगा भरून, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन त्या निघाल्या आणि मुलाचा सिंगापूरहून फोन आला, "आई, तू उतरली का नाहीस?" तिकीट वाया गेलं, नवं दुप्पट किमतीला घ्यावं लागलं. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे चारच्या मधलं विमान असेल तर कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका. घरातून निघायचा वार आणि तारीख लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडी सांगतानाही "मंगळवारी दुपारी निघायचंय" एवढंच सांगा.

पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात "+१" असेल तर विमान दुसऱ्या दिवशी उतरतं असा अर्थ. घ्यायला येणाऱ्या मुलाला ती तारीख कळवा.

विमान निवडताना

तिकिटं शोधायच्या साइटवर प्रत्येक पर्यायापुढे एकूण वेळ दिलेली असते. ती नीट बघा. मुंबई-सिंगापूर न थांबता जाणारी विमानं सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया आणि इंडिगो यांची आहेत. तिथे साडेपाचच्या आसपास तास दिसतील. स्वस्त दिसणाऱ्या तिकिटावर बारा, चौदा, कधी वीस तास दिसतात, कारण मध्ये कोलंबो, बँकॉक किंवा क्वालालंपूरला थांबा असतो. क्वालालंपूरमार्गे गेलात तर उडण्याचा वेळ फार वाढत नाही. मुंबईहून तिथवर सुमारे ३,६०० किलोमीटर, पुढे सिंगापूर तासाभराचं. वेळ जातो तो मधल्या बसण्यात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने, आणि साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच, चार-पाच हजार रुपये वाचवायला मध्ये थांबणारं विमान घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरणं, भाषा न कळणं, रात्र खुर्चीत काढणं यात त्या पैशांचं समाधान उरत नाही.

ओझरहून जायचा पर्याय बऱ्याच जणांच्या मनात येतो. नाशिक विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या आवारात आहे. तिथून दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद अशा देशातल्या शहरांना विमानं जातात. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, तेव्हा तारीख टाकून बघा. घाट नाही, ठाण्याची कोंडी नाही, घरून अर्ध्या-पाऊण तासात विमानतळ, हा फायदा मोठा आहे.

पण वाट निवडताना दिशा बघा. दिल्लीमार्गे गेलात तर आधी सुमारे १,००० किलोमीटर उत्तरेला जाता आणि तिथून सिंगापूर सुमारे ४,१५० किलोमीटर. एकूण ५,१०० च्या वर. हैदराबादमार्गे नाशिक-हैदराबाद सुमारे ५७५ आणि पुढे सुमारे ३,३०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सरळ रेषेतच जाता. हैदराबादचं वेळापत्रक जुळत असेल तर तो सगळ्यात सुटसुटीत मार्ग ठरतो. अडचण जुळण्याचीच आहे. ओझरचं विमान दुपारी आणि सिंगापूरचं मध्यरात्री असं झालं की आठ-नऊ तास तिथे बसावं लागतं.

आणि एक अट कटाक्षाने पाळा: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (बुकिंगच्या क्रमांकावर) हवीत. तसं असेल आणि पहिलं विमान उशिरा गेल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. एकाच तिकिटावर सामानही बहुतेक वेळा थेट सिंगापूरला जातं. काउंटरवर सामान देताना "बॅग सिंगापूरपर्यंत लागली ना?" असं विचारा आणि चिठ्ठीवर शेवटचं शहर एसआयएन, म्हणजे सिंगापूरचं चिन्ह, लिहिलंय का ते स्वतः वाचा.

कुठलं विमानतळ, ते आधी बघा

मुंबई परिसरात आता दोन विमानतळ आहेत. सहारचं छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, ज्याचं चिन्ह बीओएम, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं नवी मुंबईचं, ज्याचं चिन्ह एनएमआय. तिकिटावर यातलं कोणतं आहे ते वाचल्याशिवाय गाडी सांगू नका. नाशिकहून जाताना दोन्हींची वाट भिवंडीच्या आसपास वेगळी होते. सहारला ठाण्यावरून जायचं, नवी मुंबईला कल्याण-शिळफाटा-पनवेलच्या बाजूने. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर मुंबईच्या रस्त्यांवर ती चूक सुधारायला वेळ उरत नाही. आंतरराष्ट्रीय विमानासाठी सहारला गेलात तर टर्मिनल २.

नाशिक ते मुंबई, खरी परीक्षा इथेच

विमानाचे साडेपाच तास जवळपास पक्के असतात. अनिश्चित असतो तो नाशिकच्या मुंबई नाक्यापासून अंधेरीपर्यंतचा रस्ता, आणि सगळी काळजी तिथेच घ्यायची असते.

नाशिकहून टर्मिनल २ साधारण १६०-१६५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन ते चार तास. पाथर्डी फाटा, विल्होळी, गोंदे, घोटी इथवर गाडी पळते. पुढे दोन पर्याय आहेत. जुना रस्ता इगतपुरीवरून कसारा घाट उतरून शहापूरला जातो. किंवा इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. टोल द्यावा लागतो, पण विमान गाठायचं असेल तर तो द्यावा. पावसाळ्यात कसाऱ्याला दरड येणं, धुक्यात समोरचा ट्रक न दिसणं हे आपल्याला नवीन नाही.

मात्र समृद्धीने गेलो म्हणजे सुटलो असं समजू नका. आमणे भिवंडीजवळ आहे आणि तिथून पुढे भिवंडी, माजिवडा, मुलुंड हा पट्टा कुणालाच चुकत नाही. गोदामांचे कंटेनर आणि संध्याकाळी घरी परतणारी गर्दी एकत्र आली की शेवटच्या चाळीस किलोमीटरला दोन तासही जातात. म्हणून संध्याकाळी सहा ते नऊच्या मध्ये ठाण्यात असणं शक्यतो टाळा. त्याआधीच पार करा. विमानतळावर दोन तास जास्त बसावं लागलं तरी चालेल.

यावर माझा नेम असा: चार तासांचा रस्ता धरा आणि दीड तास वरचा ठेवा. जोडून सुट्ट्या असतील, दिवाळीची परतीची गर्दी असेल किंवा जोराचा पाऊस असेल तर अडीच तास. २०२७ च्या सिंहस्थात ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वण्यांच्या आगेमागे प्रवास असेल तर त्या दिवशी निघूच नका, आदल्या दिवशी मुंबई गाठा. शहरातून बाहेर पडणंच तेव्हा अवघड असेल.

रेल्वे हा रस्त्यापेक्षा भरवशाचा मार्ग आहे, सामान आटोपशीर असेल तर. सकाळची पंचवटी घेतली तर दुपारच्या आत मुंबईत असता. शिर्डीहून संध्याकाळी येणारी वंदे भारत नाशिकरोडला थांबून रात्री मुंबईला पोचते. पहाटे तीन-चारच्या विमानाला ती सोयीची, साडेअकराच्या विमानाला तिचा उपयोग नाही. दादरला उतरलात तर आता मेट्रो ३ थेट टर्मिनल २ च्या खालच्या स्थानकापर्यंत जाते. दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असेल तर मात्र दादरहून टॅक्सी करा, आणि मध्यरात्री मेट्रो नसते हेही लक्षात ठेवा. महामार्ग बसस्थानकावरून एसटीही आहे, पण तिला ठाण्याची कोंडी चुकत नाही.

उलटं मोजा

आता कागद घ्या आणि विमानाच्या वेळेपासून मागे या. वरचंच २३:३० चं विमान धरू.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं, म्हणजे २०:३०. सामान घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी. एकदा बंद झाला की विनवण्यांचा उपयोग होत नाही. काउंटर, इमिग्रेशन (पासपोर्टची तपासणी) आणि सुरक्षा तपासणी अशा तिन्ही रांगा रात्री लांब असतात, कारण तेव्हाच परदेशी विमानांची गर्दी असते.

२०:३० मधून रस्त्याचे चार तास वजा केले की १६:३०. वरचा दीड तास वजा केला की १५:००. दुपारी तीनला गाडी दारातून हलली पाहिजे. तीनला देवाला नमस्कार, मग चहा, मग शेजारच्या वहिनींना किल्ली, असं नाही. ते सगळं अडीचपर्यंत आटपायचं.

मग पुढे मोजा. विमान आपल्या घड्याळाने ०५:०५ ला उतरलं. इमिग्रेशन आणि सामान यात तासभर. चांगी विमानतळ शहराच्या पूर्व टोकाला आहे, मध्यवस्तीपासून वीसेक किलोमीटरवर. टॅक्सीने अर्धा-पाऊण तास. म्हणजे घरी पोचेपर्यंत आपले पावणेसात. दुपारी तीन ते सकाळी पावणेसात, जवळजवळ सोळा तास. त्यातले हवेतले साडेपाच, म्हणजे एक तृतीयांश.

हा कागद गाडीवाल्याच्या, घरच्यांच्या आणि सिंगापूरला घ्यायला येणाऱ्याच्या फोनवर पाठवा. तिघांकडे एकच वेळ असली की निम्मे फोन वाचतात.

निघण्याआधीची कागदपत्रं, थोडक्यात

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो, तो अधिकृत एजंटांमार्फत मिळतो. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचं. सिंगापूर सरकारच्या साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती त्यांची नव्हे, बंद करा.

आणि फराळाचा डबा भरताना एक गोष्ट. सिंगापूरला खसखस नेता येत नाही, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. लेकीसाठी प्रेमाने केलेल्या अनारशांवर खसखस असते, ती आपल्या ध्यानातच येत नाही. मसाल्यातही कधी असते. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू न्या. अनारसे आणि खसखस घातलेला काळा मसाला घरीच ठेवा. च्युइंगमही नेऊ नका.

विमानात झोप आणि घड्याळ

रात्रीचं विमान साडेपाच तासांचं असलं तरी झोपायला तीन तासच मिळतात. सुरुवातीला जेवण येतं, शेवटी उतरण्याच्या तासभर आधी दिवे लागतात. त्यामुळे जेवण घरचं, गाडीत किंवा विमानतळावर आटपून घ्या आणि बसल्या बसल्या डोळे मिटा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते निदान चोवीस तास आधी सांगावं लागतं, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

विमानात बसलात की मनगटावरचं घड्याळ अडीच तास पुढे करा. मोबाइल उतरल्यावर आपोआप बदलतो, पण औषधांच्या वेळा बदलत नाहीत. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी सकाळी आठला घेत असाल तर सिंगापूरला तेव्हा साडेदहा वाजलेले असतील. कोणत्या घड्याळाने घ्यायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, इन्सुलिन असेल तर विचारल्याशिवाय जाऊच नका.

तिथला सूर्य थोडा उशिरा उगवतो, त्याने गोंधळू नका. सिंगापूरचं स्थान पाहता त्याचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असायला हवं होतं. पण १९८२ पासून त्यांनी ते अडीच तासांवर नेलं. त्यामुळे वर्षभर सूर्योदय सकाळी सातच्या आसपास आणि सूर्यास्त संध्याकाळी सातच्या आसपास. सकाळी साडेसहाला फिरायला जायची सवय असेल तर बाहेर अंधार असेल आणि तुमचं शरीर म्हणत असेल की अजून पहाटेचे चारच वाजलेत. दोन-तीन दिवसांत ते जुळतं. पहिल्या दिवशी दुपारी फार झोपू नका, एवढं पुरे.

परतताना

परतीची काळजी लोक करत नाहीत, कारण आता घरीच जायचंय. पण २२:१० ला मुंबईत उतरलेलं विमान म्हणजे सामान घेऊन बाहेर यायला साडेअकरा. तिथून नाशिक, पहाटेचे तीन-साडेतीन. गाडीवाला दुपारपासून जागा, गाडीतले सगळे झोपलेले, इगतपुरीच्या आसपास धुकं किंवा पाऊस. हा प्रवास मला धोक्याचा वाटतो आणि मी कुणालाही तो सुचवत नाही. ठाण्यात किंवा मुंबईत नातेवाईक असतील तर रात्री तिथे राहा, नसतील तर विमानतळाजवळ खोली घ्या आणि सकाळी निघा. सकाळी मुंबईत उतरणारं विमान मिळत असेल तर ते थोडं महाग पडलं तरी घ्या.

गाडीवाल्याला बोलावताना विमान सुटायची नव्हे, मुंबईत उतरायची वेळ सांगा, आणि बाहेर यायला त्यापुढे सव्वा तास लागेल हेही सांगा. विमानाचा क्रमांक त्याला दिला तर उशीर झालाय का हे तो स्वतः फोनवर बघू शकतो. गाडीत बसल्यावर आधी त्यालाच विचारा, झोप झाली आहे का. नसेल झाली तर चहा घेऊन किंवा तासभर गाडी बाजूला लावून मगच पुढे निघा.